स्तन काढायचा की फक्त गाठ? हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण मिळून कसा घेतात

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या ५२ वर्षांच्या मावशींना स्तनाचा कर्करोग निघाला आहे. गाठ अडीच सेंटिमीटरची, काखेच्या सोनोग्राफीत काही नाही. सर्जननी मावशींच्या यजमानांना आणि मुलाला बोलावून "पूर्ण काढून टाकू, मंगळवारी भरती व्हा" असं सांगितलं. भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे तिच्या मैत्रिणीला याच आजारात दोन पर्याय समजावले, पुस्तिका हातात दिली, नर्सचा फोन आला, विचार करायला वेळ मिळाला. भाची विचारते : हा फरक आजारातला, डॉक्टरांमधला की देशांमधला? आणि आता मावशींनी काय करावं?

फरक मुख्यतः देशांमधला आहे. या आजाराचं शास्त्र दोन्हीकडच्या सर्जनना सारखंच माहीत असतं. ते रुग्णापर्यंत केव्हा, कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या कानावर जातं, हे मात्र प्रत्येक देशात वेगवेगळ्या कारणांनी ठरत गेलं. त्याकडे येतोच, पण आधी आजाराबद्दल बोलायला हवं. निर्णय वाटून घ्यायचा तर मुळात दोन खरे पर्याय असावे लागतात.

स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेत गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात, आणि नंतर उरलेल्या स्तनाला रेडिएशन देतात (आपल्याकडे लोक शेक किंवा लाइट म्हणतात ते). दुसऱ्या शस्त्रक्रियेत सगळा स्तन काढतात. काखेतल्या ग्रंथींची तपासणी दोन्हींत करावीच लागते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या स्त्रिया त्यात होत्या. सगळा स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या आणि गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या अशा तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही. त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्यात मात्र मोठा फरक होता : रेडिएशन न घेतलेल्या १०० जणींपैकी ३९, घेतलेल्या १०० जणींपैकी १४. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचणीतूनही जगण्याबद्दल हेच दिसलं. आजच्या औषधांमुळे पुन्हा गाठ येण्याचे आकडे त्यापेक्षा बरेच कमी झाले आहेत.

म्हणजे आयुष्याच्या हिशेबात दोन्ही बाजू सारख्या. मग निवड कशावर करायची? स्तन राखला तर रेडिएशनसाठी रोज जाता येईल का, शरीराचा तो भाग राहणं तिला किती महत्त्वाचं वाटतं, "पुन्हा येईल का" ही धास्ती घेऊन जगणं तिला झेपेल का, दुसऱ्यांदा टेबलावर जायची तयारी आहे का, यावर. यातलं एकही उत्तर कुठल्या रिपोर्टात सापडत नाही, ते फक्त मावशींकडे आहे. म्हणून अशा आजारात रुग्णाशी बोलून ठरवणं हा सौजन्याचा भाग नसून निदानाचाच पुढचा टप्पा आहे. त्याशिवाय सर्जनकडे निम्मीच माहिती असते.

काही वेळा मात्र निवड उरतच नाही, आणि तेव्हा खोटा पर्याय पुढे ठेवणं वाईट. एकाच स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत आजार पसरलेला असणं, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) स्तनभर संशयास्पद चुन्याचे ठिपके दिसणं, त्या छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं असणं, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, किंवा स्तन लाल होऊन सुजणारा दाहक प्रकारचा कर्करोग, अशा स्थितीत स्तन राखण्याचा सल्ला सहसा देत नाहीत. गाठ मोठी आणि स्तन लहान असेल तर आधी केमो देऊन गाठ लहान करून मग राखता येतो. त्यासाठी केमोपूर्वी गाठीत बारीक धातूची खूण ठेवावी लागते. गाठ पूर्ण विरघळली आणि खूण ठेवलेली नसली तर नेमकं कुठून काढायचं हे कळत नाही. ही खूण राहून जाणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे, आणि तिच्यामुळे पुढची निवडच हातातून जाऊ शकते.

देशोदेशी हे कसं घडत गेलं

अमेरिकेत या विषयाची लढाई स्तनाच्या कर्करोगावरूनच पेटली. १९७० च्या दशकापर्यंत तिथे रीत अशी होती : बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा त्याच वेळी तपासायचा आणि कर्करोग निघाला तर भुलीतच स्तन काढायचा. छातीवर हात नेईपर्यंत बाईला काय झालंय ते ठाऊक नसायचं. पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ मध्ये हा आजार झाला. त्यांनी तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करण्याचा आग्रह धरला आणि मग त्यासाठी देशभर मोहीमच उघडली. १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने तपासणी आणि उपचार वेगळे करण्याला मान्यता दिली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने स्तनाच्या कर्करोगाचे सगळे पर्याय रुग्णेला सांगणं कायद्यात घातलं. आधी १९७२ मध्ये 'कँटरबरी विरुद्ध स्पेन्स' खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की काय सांगायचं याचं माप डॉक्टरांची रूढी नसून रुग्णाची गरज आहे. मात्र हे माप आजही सगळ्या राज्यांत लागू नाही. जवळपास निम्मी राज्यं डॉक्टरांच्या रूढीलाच धरून आहेत.

पुढे अमेरिकेने हा विषय पैशाशी जोडला. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये कायदा करून निर्णयाला मदत करणाऱ्या प्रमाणित पुस्तिका-व्हिडिओ वापरणाऱ्या डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण वाढवून दिलं. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने २०१५ पासून फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सीटी तपासणीचे पैसे देण्याआधी अशा चर्चेची भेट झाल्याची नोंद मागायला सुरुवात केली. याने काम वाढलं, पण कागदावरची खूण आणि खरी चर्चा यांतलं अंतरही वाढलं. अमेरिकेतली उलटी अडचण अशी की निवड हाच हक्क मानल्यावर "दुसराही निरोगी स्तन काढून टाका" अशी मागणी वाढत गेली. सरासरी धोका असलेल्या बाईचं आयुष्य त्याने वाढत नाही. मागणी मान्य करणं सोपं असतं. तिच्यामागची भीती विचारून, दुसऱ्या बाजूला आजार होण्याची खरी शक्यता सांगून मग निर्णय घेणं जास्त वेळखाऊ असतं.

ब्रिटनमध्ये वळण आलं ते एका बाळंतपणाच्या खटल्यातून. आई मधुमेही आणि चणीने लहान, बाळ मोठं. अशा आईच्या नैसर्गिक प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १०% होती, पण ती तिला सांगितली गेली नाही. १९९९ मध्ये बाळाला प्रसूतीतच गंभीर इजा झाली. २०१५ मध्ये 'माँटगोमेरी' निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासून चालत आलेलं 'इतर डॉक्टरांनीही असंच केलं असतं' हे माप धोके सांगण्याच्या बाबतीत बाजूला ठेवलं. त्या जागी आलं : या रुग्णाच्या परिस्थितीतल्या समजूतदार माणसाला जे महत्त्वाचं वाटेल, आणि या विशिष्ट रुग्णाला जे महत्त्वाचं वाटतं हे डॉक्टरांना कळायला हवं होतं, ते सगळं सांगायचं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एक मर्यादाही आखली. वैद्यकीयदृष्ट्या योग्य पर्याय कोणते हे डॉक्टर ठरवतील, पण योग्य ठरलेले सगळे पर्याय रुग्णासमोर ठेवावे लागतील. डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०२० मध्ये आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शन काढलं. भाचीच्या मैत्रिणीला मिळालेली पुस्तिका, नर्सचा फोन आणि विचाराचा वेळ यामागे ही साखळी आहे. स्तनरोग विभागात त्यासाठी खास नर्स असते. निदान सांगताना ती खोलीत बसते आणि नंतर रुग्णाच्या शंका फोनवर घेते. पहिल्या भेटीत "कॅन्सर" हा शब्द कानावर पडल्यानंतरचं बरंचसं बोलणं डोक्यात शिरत नाही, हे तिथल्या व्यवस्थेने गृहीत धरलं आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक उपयोगाची गोष्ट : इंग्रजी कच्चं असलेल्या आई-वडिलांसाठी रुग्णालयाकडे मराठी दुभाषा मागता येतो, तो विनामूल्य असतो. मुला-सुनेने दुभाष्याचं काम करू नये, कारण ते नकळत कडू भाग गाळतात.

ऑस्ट्रेलियातला १९९२ चा 'रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर' निकाल लहानसा पण बोलका आहे. एका डोळ्याने जवळजवळ न दिसणाऱ्या बाईने त्याच डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी चांगल्या डोळ्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं होतं. चांगला डोळा जाण्याची शक्यता १४,००० मध्ये १ होती म्हणून डॉक्टरांनी ती सांगितली नाही, आणि नेमका तोच डोळा गेला. न्यायालयाने म्हटलं, शक्यता कितीही बारीक असो, या बाईला ती महत्त्वाची होती हे उघड होतं.

जर्मनीत २०१३ पासून नागरी कायद्यातच लिहिलेलं आहे की समजावणं तोंडी झालं पाहिजे, रुग्णाला नीट विचार करता येईल इतकं आधी झालं पाहिजे, आणि सही केलेल्या कागदांच्या प्रती रुग्णाला दिल्या पाहिजेत. गर्भाशय काढणं, गुडघा बदलणं अशा काही ठरावीक शस्त्रक्रियांत दुसरं मत घेण्याच्या हक्काची माहिती शस्त्रक्रियेच्या किमान १० दिवस आधी द्यावी लागते. नेदरलँड्सचा कायदा मला सगळ्यांत नेमका वाटतो. १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरने रुग्णाशी विचारविनिमय करायचा, त्याची परिस्थिती आणि गरजा जाणून घ्यायच्या, त्याला प्रश्न विचारायला स्वतःहून सांगायचं, उपचार न करण्याचा पर्याय मांडायचा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे मिळू शकणारे पर्यायही सांगायचे. हे शेवटचं कलम आपल्याकडे फार लागू पडतं. ज्या रुग्णालयात रेडिएशनचं मशीन नाही तिथून "सगळं काढू" हाच सल्ला निघण्याचा धोका असतो, आणि त्यात कोणाची वाईट नियत असावी लागत नाही.

जपान आपल्या जास्त जवळचा. तिथे कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगता घरच्यांना सांगण्याची पद्धत दीर्घकाळ होती. १९९७ मध्ये वैद्यकीय सेवा कायद्यात समजावून सांगण्याचं कर्तव्य आलं. पण स्तनाच्या कर्करोगासाठी महत्त्वाचा निकाल २००१ चा. १९९१ मध्ये स्तन काढलेल्या एका बाईने शस्त्रक्रियेआधीच स्तन राखण्याची ओढ डॉक्टरांना कळवली होती. त्या वेळी ती पद्धत जपानमध्ये पक्की रुळलेली नव्हती. तरी बऱ्याच ठिकाणी ती होत होती, आणि रुग्णेला त्यात रस आहे हे माहीत असताना त्याबद्दल सांगणं कर्तव्यच होतं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. चीनमध्ये २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेने रुग्णाला सांगणं हा मुख्य नियम केला आहे, पण सांगणं शक्य नसेल किंवा 'योग्य नसेल' तेव्हा जवळच्या नातेवाइकांना सांगून त्यांची संमती घ्यायची मुभा ठेवली आहे. 'योग्य नसेल' या फटीतून जुनी प्रथा आत येत राहते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा 'समीरा कोहली' निकाल प्रत्येक रुग्णाने आणि सर्जनने वाचावा असा आहे. दुर्बिणीतून तपासणी करण्याची संमती दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय त्याच भुलीत काढले. संमती बाहेर बसलेल्या आईकडून घेतली होती. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येणार असताना आईची संमती चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नाही. लगेच न केल्यास जीव धोक्यात असेल तरच अपवाद. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सांगावं लागेल. मात्र अमेरिकेचं माप न्यायालयाने स्वीकारलं नाही. अगदी दुर्मीळ धोके सांगण्याची सक्ती केली नाही. भुलीतच परस्पर अवयव काढण्याच्या ज्या रिवाजाविरुद्ध अमेरिकेत ७० च्या दशकात बायका उभ्या राहिल्या, तो प्रश्न आपल्याकडे २००८ मध्ये असा सुटला. तरी गर्भाशय असो वा स्तन, "नवऱ्याची सही आणा" हे वाक्य वॉर्डात ऐकू येतंच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत संमतीच्या कलमात पती-पत्नीचा उल्लेख रुग्णाच्या आधी आला आहे, त्याचाही यात वाटा असावा. कायद्याने सज्ञान बाईची सही पुरते. गर्भपातासारख्या नाजूक बाबतीतही १९७१ चा कायदा सज्ञान बाईच्या एकटीच्या संमतीवर चालतो.

प्रत्यक्ष बोलणं कसं करायचं

वेल्समधल्या ग्लिन एल्विन यांच्या गटाने २०१२ मध्ये तीन टप्प्यांचा आराखडा मांडला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. ब्रिटनपासून नेदरलँड्सपर्यंत शिकवताना तोच वापरतात. ओपीडीत तो असा उतरतो.

पहिला टप्पा, पर्याय आहे हे सांगणं. "तुमच्या आजारात दोन शस्त्रक्रिया शक्य आहेत. दोन्हींनी आयुष्य सारखंच मिळतं. कोणती बरी हे तुमच्या परिस्थितीवर आहे, म्हणून आपण मिळून ठरवू. मी तुम्हाला एकटं सोडणार नाही." हे शेवटचं वाक्य वगळलं की बाईला वाटतं डॉक्टरांना खात्री नाही, किंवा ते जबाबदारी झटकताहेत.

दुसरा टप्पा, पर्याय शेजारी शेजारी मांडणं. कागदाच्या मध्ये रेघ ओढावी. एका बाजूला : स्तन राहतो, रेडिएशन नक्की, कडा स्वच्छ आल्या नाहीत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर पुन्हा शस्त्रक्रिया (इंग्लंडमधल्या नोंदींत अशा दर ५ शस्त्रक्रियांमागे सुमारे एकीत ती करावी लागली होती), पुढे दरवर्षी मॅमोग्राफी. दुसऱ्या बाजूला : स्तन जातो, रेडिएशन बहुधा टळतं, पण हमी नाही, हवं तर पुनर्रचना किंवा ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन, छातीच्या भिंतीवर आजार परत येण्याची शक्यता कमी, शून्य नाही. इथेच तीन गैरसमज उकरून काढावे लागतात, कारण बाई ते आपणहून बोलत नाही. एक, "सगळं काढलं की केमो लागत नाही." केमो ठरते ती गाठीच्या ईआर, पीआर, हर-टू तपासण्यांवर (गाठ हार्मोनवर किंवा हर-टू या प्रथिनावर पोसते का ते त्या सांगतात) आणि काखेतल्या ग्रंथींवर, शस्त्रक्रियेच्या प्रकारावर नाही. दोन, "काढलं की शेक नाही." गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी निघाली किंवा काखेतल्या ४ वा जास्त ग्रंथींत आजार सापडला तर स्तन काढूनही रेडिएशन लागतं, आणि १ ते ३ ग्रंथींतही पुष्कळदा सुचवतात. तीन, "शेक म्हणजे दोन महिने मुंबईत." पूर्वी ५ आठवड्यांत २५ वेळा देत. आता ३ आठवड्यांत १५ वेळा देणं रूढ आहे. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२० मध्ये निवडक रुग्णांत एका आठवड्यात ५ वेळा देणंही मागे पडत नाही असं दाखवलं. जतहून मिरजेला रोज ये-जा करायची असेल तर २५ आणि १५ या दोन आकड्यांत अख्खा निर्णय बदलू शकतो, म्हणून "तुमच्याकडे किती वेळा देतात?" हा प्रश्न रेडिएशनच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधीच विचारायचा असतो.

आकडे सांगताना नेहमी "१०० बायकांपैकी" असं सांगावं आणि दोन्ही पर्यायांना तळाचा आकडा तोच ठेवावा. फिशर यांच्याच चाचणीतला आकडा घ्या. "रेडिएशनने पुन्हा गाठ येणं सुमारे ६४% कमी होतं" आणि "१०० पैकी ३९ ऐवजी १४ जणींना पुन्हा गाठ येते, म्हणजे २५ जणींची पुन्हा येणारी गाठ टळते, पण जगण्याचं प्रमाण बदलत नाही" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिल्याने माणूस भारावतो, दुसऱ्याने त्याला कळतं. "१०० पैकी १४ जणींना येते" याबरोबर "८६ जणींना येत नाही" हेही म्हणावं, नाहीतर भीती एकाच बाजूला झुकते.

तिसरा टप्पा, तिला काय महत्त्वाचं आहे ते विचारून निर्णयाकडे जाणं. "तुम्हाला सगळ्यांत जास्त कशाची काळजी वाटते?" असं विचारून गप्प बसावं. आपल्याकडच्या बायका पहिल्यांदा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. ते उत्तर धरून थांबू नये. "मी सांगेनच, पण आधी तुमच्या घरची रीत कळू दे : रोज येणं जमेल? सोबत कोण असेल? शेतात, कामावर कधी परतायचंय?" असं विचारलं की खरं उत्तर बाहेर येतं. मग डॉक्टरने सल्ला द्यावा, आणि तो कशावर आधारलाय ते सांगावं : "तुम्ही म्हणालात की परत येण्याची भीती झोपू देणार नाही, आणि रोज येणं जमणार नाही, म्हणून मला पूर्ण काढणं तुमच्यासाठी बरं वाटतं." सल्ला न देता "तुम्हीच ठरवा" म्हणणं हाही रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याचा प्रकार आहे. शेवटी तिच्या शब्दांत परत ऐकावं : "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" काय समजलं आणि काय निसटलं ते दोन मिनिटांत कळतं.

एवढा वेळ कुठून आणायचा, हा ओपीडीतला रास्त प्रश्न आहे. निर्णयाला मदत करणाऱ्या पुस्तिका-व्हिडिओंवरच्या १०५ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या संशोधक-संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात भेटीचा वेळ साधारण २.६ मिनिटांनी वाढलेला निघाला होता. आपल्याकडे काम वाटून घ्यावं लागतं. निदान सांगणं आणि पर्याय मांडणं सर्जनने करावं. तक्ता घेऊन सावकाश समजावणं समुपदेशक किंवा अनुभवी सिस्टरने. ३-४ दिवसांनी दुसरी छोटी भेट ठेवून निर्णय घ्यावा. सगळं एका बैठकीत उरकलं तर ते उरकलेलंच राहतं.

समजून घेतलेली बाई स्तन राखायचाच निर्णय घेते असं मुळीच नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फळ्यावर पर्याय मांडून समजावल्यावर ९४% स्त्रियांनी स्तन राखला, नेहमीच्या पद्धतीने सांगितलेल्यांत ७६% नी. अमेरिकेत डार्टमथच्या रुग्णालयात मात्र व्हिडिओ पाहून, नीट समजून घेऊनही सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी स्तन काढणं निवडलं. चांगल्या चर्चेची कसोटी त्या बाईला आपल्या निवडीची कारणं सांगता येतात का, ही आहे.

घरच्यांचं काय

पाश्चात्त्य आराखडे खोलीत दोनच माणसं आहेत असं धरून चालतात. सांगलीत पाच असतात, आणि त्यातल्या दोघांनी आधीच बाहेर डॉक्टरांना गाठून "आईला काही सांगू नका, खचेल" म्हटलेलं असतं. त्यांना हाकलणं चुकीचं आहे, कारण पैसे, गाडी, डबा आणि रात्रीची सोबत तेच करणार असतात. त्यांचं म्हणणं मान्य करणंही चुकीचं, कारण केमोच्या वॉर्डात बसल्यावर आईला सगळं कळतंच, आणि तेव्हा ती घरच्यांवरचाही विश्वास गमावते. घरच्यांना म्हणावं : "मी लादणार नाही. पण त्यांना किती माहिती हवी हे त्यांनाच विचारेन, तुमच्यासमोर." मग मावशींना विचारावं : "तुमच्या आजाराची सगळी माहिती तुम्हाला स्वतःला हवी, की थोडी तुम्हाला आणि बाकी मुलाला सांगू?" कोणी "मुलाला सांगा" म्हटलं तर तीही तिची निवड आहे आणि ती केसपेपरवर लिहावी. तपासणीच्या वेळी पडद्यामागे दोन मिनिटं एकटीशी बोलण्याची संधी असते, ती घालवू नये. "हे सगळं कोणाच्या दबावाने तर नाही ना?" हे तिथेच विचारता येतं.

आता मावशींसाठी

या स्थितीत एक-दोन आठवडे विचाराला घेतल्याने आजार हाताबाहेर जात नाही, त्यामुळे मंगळवार पुढे ढकलायला सांगणं उद्धटपणा नाही. ट्रू-कट बायोप्सीचा (जाड सुईने काढलेल्या गाठीच्या तुकड्याचा) रिपोर्ट ईआर, पीआर, हर-टूसकट आला आहे का ते पाहा. तो नसेल आणि फक्त बारीक सुईची तपासणी झाली असेल तर निर्णयाची वेळच आलेली नाही. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह निघालं तर या आकाराच्या गाठीत आधी केमो देण्याचा विचार होतो आणि सगळा क्रम बदलतो. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी झाली आहे का, तेही बघा. या दोन गोष्टी हातात घेऊन मावशींनी स्वतः, हवं तर यजमानांसह, सर्जनना विचारावं : माझ्या बाबतीत स्तन राखता येईल का? येत नसेल तर नेमकं कोणत्या कारणाने? काखेची तपासणी एक-दोन ग्रंथी काढून करणार की सगळ्या काढून? (सगळ्या काढल्या तर हात सुजण्याचा धोका जास्त.) रेडिएशन कुठे, किती वेळा? कारण स्पष्ट वैद्यकीय असेल तर सल्ला मान्य करायला हरकत नाही. "आमच्याकडे सोय नाही" हे कारण असेल तर रिपोर्ट आणि स्लाइड-ब्लॉक (तपासणीसाठी काचेवर आणि मेणात जपलेला गाठीचा तुकडा) घेऊन जिथे सर्जरी, केमो आणि रेडिएशन एकाच छताखाली आहे तिथे दुसरं मत घ्यावं. ब्लॉक रुग्णाला मागता येतो, आणि कागदपत्रांच्या प्रती ७२ तासांत द्याव्या लागतात.

खर्चाचं बोलणं शस्त्रक्रियेआधीच व्हावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांची पॅकेजेस आहेत. त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) तिन्हींबद्दल एकदम चौकशी करावी, कारण शस्त्रक्रिया योजनेत आणि रेडिएशनचं केंद्र योजनेबाहेरचं, असं झालं तर उपचार मध्येच तुटतात. स्तन राखून रेडिएशन अर्धवट सोडणं हा सगळ्यांत वाईट परिणाम आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत असते, तिच्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

संमतीपत्र मराठीत मागावं आणि भरती व्हायच्या आदल्या दिवशीच वाचून घ्यावं. त्यात शस्त्रक्रियेचं नाव, बाजू (डावी की उजवी) आणि 'गाठ काढताना गरज वाटल्यास पूर्ण स्तन काढण्यास संमती' अशी ओळ आहे का ते बघावं. ती ओळ असेल तर कोणत्या परिस्थितीत तसं करणार हे सर्जनकडून आधीच समजून घ्यावं. मावशींना ते मान्य नसेल तर ती ओळ खोडून बाजूला सही करावी आणि "कडा स्वच्छ नसल्यास नंतर मला विचारून ठरवावे" असं लिहून घ्यावं. सही मावशींची, साक्षीदाराच्या जागी यजमानांची.